दत्तगुरूंमागचा पिवळा दिवा

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं! देवाला आपण कशाला बसवतो? त्यानं आपल्याकडे बघावं म्हणून, की आपल्याला काही बघायला लागू नये म्हणून? मान खाली घालू नका, ऐका!

संगमेश्वराकडे एक उमाकांतराव आठल्ये. पोस्टातून निवृत्त. गाडी अठरा वर्षांची, पण पुसायला फडकंसुद्धा मऊ लागायचं! आणि बायको शालनताई — तिला कोण जपतंय? ते येतंय पुढं.

एक दिवस स्टिअरिंगसमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. लागला तो जाईच ना! गावातल्या मिस्त्रीनं मशीन लावलं. मशीन म्हणालं, सेन्सर बिघडलाय. बदलला. चार दिवसांनी दिवा हजर! परत बदलला — परत हजर! उमाकांतराव भडकले. "दिवाच खोटारडा आहे!"

दसरा आला. गाडीची पूजा झाली, झेंडूचा हार चढला, आणि या गृहस्थानं दत्तगुरूंचं स्टिकर घेतलं नि बरोब्बर त्या दिव्यावर चिकटवलं! अहो, देवाचं झाकण केलं, झाकण! वर ऐका — मागून पिवळा उजेड! शेजारी वाकून बघतात, हात जोडतात. "जागृत आहेत हो महाराज!" तबलजी, हसू नका, तुमच्या स्कूटरवर काय काय चिकटवलंय ते मी बघितलंय.

इकडे शालनताई. गाडीत बसली की म्हणायची, "अहो, डोकं दुखतंय. गरगरतंय."

"तुझं नेहमीचंच!"

आठ-नऊ महिने हेच.

मग एकदा रत्नागिरीला निघाले, तिच्या बहिणीकडे. बाहेर पाऊस. शालनताई मागच्या सीटवर आडवी, मागच्या काचा बंद. पुढं यांची काच मात्र वीतभर उघडी — यांना वारा लागतो ना! हातखंब्याच्या अलीकडे यांनी विचारलं, "चहा घ्यायचा का गं?" उत्तर नाही. "शालन?" मागं वळून बघतात तर — मान लुळी पडलेली!

करकचून ब्रेक दाबला हो त्यांनी! समोरच रज्जाकभाईंचं गॅरेज. रज्जाकभाई धावले, दारं उघडली, ताईला उचलून मोकळ्या हवेत आणलं, दुसऱ्या गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं.

नंतर रज्जाकभाई उमाकांतरावांना घेऊन गॅरेजात परतले, ते स्टिकर हलक्या हातानं सोडवलं. खाली दिवा, तसाच जळतोय! गाडीखाली शिरले. इंजिनाजवळ धुराचा पाइप तडकलेला, मागच्या सीटखाली पत्रा गंजून भोक! विषारी वायू सगळा आत — ना दिसतो, ना वास येतो!

"काका," रज्जाकभाई म्हणाले, "सेन्सर खरं सांगत होता. पाइप फुटला म्हणून तो ओरडत होता. तुम्ही ओरडणाराच बदलत बसलात!"

उमाकांतराव परत दवाखान्यात आले. शालनताईनं डोळे उघडले. काय म्हणाली असेल? "देवानं वाचवलं"? छे!

"अहो, मी सांगत होते ना?"

एवढंच. भर वॉर्डात हा माणूस लहान मुलासारखा रडला, मंडळी.

आता पेटीवाले, थांबा! गजर नंतर. तुमच्या घरात कोण सांगतंय, "डोकं दुखतंय, दम लागतोय, झोप येत नाही"? आणि त्यावर तुम्ही काय चिकटवलंय? "तुझं नेहमीचंच" — हेच ना? ती शेजारीच बसली असेल. आत्ता, माझ्यादेखत, विचारा तिला — काय होतंय गं तुला? आणि उत्तर पुरतं ऐका. देव थांबेल तेवढा.