अक्षता पडू देत, मग भर

"सुनेला कळू देऊ नका हं, युनियनचा फॉर्म तुम्हीच अनिकेतला भरू दिला नाहीत ते," सासूबाई सासऱ्यांना सांगत होत्या. सून म्हणजे मी, चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी.

माझा नवरा अनिकेत विमानतळावर कंत्राटावर विमानांची चाकं बदलायचा, मी तिथेच चेक-इन काउंटरवर. गेल्या महिन्यात, लग्नानंतर लगेचच, चाक उचलताना त्याची पाठ गेली आणि साहेबांनी त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. त्याच्या शिफ्टमधल्या मंजूअण्णाचीही पाठ अशीच गेली होती; पण साहेबांसमोर त्याच्या शेजारी युनियनची दोन माणसं बसली होती. त्याला उपचार मिळाले, बसून करायचं काम मिळालं. अनिकेत आत गेला तो एकटाच.

सासरे तर विमान कारखान्यातून रिटायर झालेले, जन्मभर युनियनवाले. "अगं, लग्न ठरत होतं," ते हळूच म्हणाले. "मुलीकडच्यांना काय वाटेल, म्हणून म्हटलं, अक्षता पडू देत, मग भर."

म्हणजे कारण मीच होते.

मी आत जाऊन ट्रे ठेवला. "बाबा, माझा फॉर्म मी साखरपुड्याच्या आधीच भरला होता. मुलाकडच्यांना काय वाटेल, म्हणून अनिकेतलाही सांगितलं नाही."