लताच्या मोबाईलचा दम

तुमच्या मोबाईलनं तुम्हाला कधी दम दिलाय का? आमच्या घरचा देतो.

माझी नणंद लता कुडवा गावात आमच्याकडेच राहते. तिला दिसत नाही. पडद्यावर बोट फिरवलं की तिथं काय आहे ते तिचा मोबाईल बोलून सांगतो. पण वाचनालयासारखी ऑडिओ पुस्तकं उसनी देणाऱ्या तिच्या ॲपमध्ये बटनांना नावंच दिली नव्हती. बोट कुठंही लावा, मोबाईल नुसता म्हणायचा, "बटन."

बरेच दिवस वाट पाहून तिला एक रहस्यकथा मिळाली. खून कोणी केला हे कळायच्या वेळीच चुकीचं बटन दाबलं गेलं आणि पुस्तक परत गेलं. पुन्हा रांग. पुन्हा नंबर लागला तेव्हा लता हात लावेना.

"वहिनी, आताही जाईल ते."

"काऊन जाईल? बटनाले आपण नाव देऊ शकतो म्हणत होतीस ना तू?"

"देता येते. पण कोणतं बटन कशाचं, ते दिसलं पाहिजे ना!"

"मग माहे डोळे कायले आहेत?"

तिनं सांगितलं तसं मी एकेका बटनाला नाव लिहून दिलं. चालू करायच्या बटनाला 'ऐक' लिहिलं. पुस्तक परत करायच्या बटनाला मात्र घरात बोलते तसंच लिहिलं.

लतानं त्यावर बोट ठेवलं आणि खो खो हसली. "वहिनी, हे तर तूच ओरडून राहिली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल स्वयंपाकघरात ओरडला, "लते, याले हात नोको लावू!" लतानं बोट सरकवून 'ऐक' दाबलं. खुनी सापडला, पण तोवर आम्हा दोघींसमोर गॅसवरचं दूध उतू गेलं होतं.