टोप्या मेला की माझी पाळी

—चालतो का म्हणजे? चालतोच! घोडामैदान जवळच आहे, बसा, विकत घ्यायच्या आधी हा जुना गेम टीव्हीला लावूनच दाखवते. ही कॅसेट अशी काढायची, तोंडाशी धरून फुंकर मारायची — फूऽऽ — आणि खोचायची. फुंकर कशाला ते मला विचारू नका, लग्न झाल्यापासून मारत आलेय, लागतेच. आला बघा! हा टोप्या. पोस्टमन आहे. पाठीवर पार्सल घेऊन गच्च्यांवरून उड्या मारत पार त्या टेकडीवर पोचवायचं. रस्त्याने का नाही जात? रस्त्याने गेला असता तर गेम कशाला झाला असता, नोकरी झाली असती! तो दुसरा रिमोट तुम्ही धरा, दोन्हींची बटणं तपासून घ्या, मागाहून कुरकुर नको.

तर तीन जीव मिळतात. एक मेला की दुसऱ्याची पाळी. तिन्ही गेले की पहिल्या गच्चीपासून, दयामाया नाही. आणि ठेवून द्यायची सोय नाही हो — बंद केला की सगळं गेलं. आम्ही दोघं एकदा टेकडीपर्यंत पोचलो होतो. जेवायला हाक आली, म्हणून खेळ थांबवून ठेवला आणि कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून गेमच्या डब्यावर टॉवेल टाकला. सासूबाईंनी टॉवेल धुवायला उचलला, हाताला लागला गरम डबा — घर पेटेल म्हणून भिंतीवरचं बटणच बंद! आमचे हे जेवता जेवता उठले. जन्मदात्या आईशी अबोला, तो ह्या टोप्यापायी.

हा नवा? तो पण विकायचाय, मुलाने आणलाय. घ्याच. पण त्यात काही राम नाही, आधीच सांगते. त्यात माणूस मरतच नाही! पडला की फुगा येतो, अलगद उचलतो, काठावर ठेवतो, वर चांदण्या उधळतो — शाब्बास! अरे, कशाबद्दल शाब्बास? पडल्याबद्दल? फारच पडलात तर म्हणतो, बसा, मीच खेळून देतो. असले लाड जावयाचेही होत नाहीत. मुलाचं काय चुकलं, त्याने ह्यांच्या बोटांना व्यायाम म्हणून आणला. उजवा हात जरा... झटका येऊन गेला ना ह्यांना. असो, तो विषय नाही. तुम्ही उडी मारा — दाबा, दाबा! — मेलात. टाकीपाशीच मेलात. सगळे तिथेच मरतात, आमचे हेसुद्धा. घाई फार.

तर काय सांगत होते — ह्यांनी तो नवा एका दुपारीत संपवला. चांदण्याच चांदण्या. रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, ‘मला हरूसुद्धा देत नाही कुणी.’ मला वाटलं, गेमला म्हणतायत. म्हटलं, अहो, हल्ली असंच असतं. तर म्हणाले, ‘तूसुद्धा. काल पत्त्यांत हुकमाचा एक्का होता तुझ्या हातात, तरी टाकला नाहीस, दिसला मला.’ होता. मग? आजारी माणसाला एक्क्याने मारू? मला वाईट वाटत होतं हो! त्यावर म्हणाले, काढून टाक सगळं घरातून, जुना-नवा दोन्ही. आणि आत जाऊन बसले ते बसले. जेवायलासुद्धा ताट आत. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, नाहीतर मी कशाला—

थांबा. आत खुर्ची सरकली.

आवाज कमी करू नका, राहू द्या तसाच. अहो, काठी! दाराला टेकवलीय. नाही, मी धरायला येत नाहीये, या तुमचे तुम्ही. तुम्ही उठा हो जरा, ती त्यांची जागा आहे, आणि रिमोट द्या त्यांना. डाव्या अंगठ्याने? खेळा की, कोण नको म्हणतंय. पुन्हा पहिल्यापासून लावते, पहिली पाळी तुमची. सावकाश... अहो, टाकी — टाकी! — मेलात!

बघता काय माझ्याकडे? फुगा यायचा नाही इथे. पडलात, मेलात, आता माझी पाळी. हसा, खुशाल हसा. किती दिवसांनी हसताय, मेलं माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, काही दिसत नाहीये. पण बसा वाट बघत, मी काही मुद्दाम मरणार नाहीये.

तुम्ही अजून इथेच? नाही विकायचा. तो नवा फुग्यावाला पाहिजे तर उचला आणि निघा. दार ओढून घ्या — आणि जाताना भिंतीवरच्या एकाही बटणाला हात लावू नका!