गुळातला किडा

सुरतच्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डाबाहेर, माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या.

"मावशी, नातीला काय झालं?"

"परवा कुत्रं चावलं ना माय, गोडादऱ्यात, आमच्याच गल्लीत."

"मग इंजेक्शन दिलं का?"

"ते तर आज दिलं. आधी भगताकडे नेलं. आमच्या गावाकडचे आहेत, इथे सुरतेतच सचिन भागात राहतात. त्यांनी गुळात किडा दिला. काळा, पिवळ्या पट्ट्यांचा, शेतात फुलांवर बसतो ना, तोच. कुत्र्याचं विष ओढून घेतो म्हणे."

"आणि तुम्ही तो पोरीला चारला?"

"ती थुंकत होती. मीच तोंड दाबून धरलं. सकाळी बघते तर तोंडभर फोड आणि लघवीत रक्त. डॉक्टर म्हणतो, किडनी वाचली तर नशीब."

"अहो, त्या भगताला धरून आणा इथे!"

"ते इथेच आहेत, खालच्या मजल्यावर. काल त्यांनाही कुत्रं चावलं."

"मग त्यांनी खाल्ला का किडा?"

"छे! ते सुईच्या लाइनीत उभे आहेत. किडा लहान पोरांनाच लागू पडतो म्हणे."