सुनेच्या फोनमधली वाट

लहानपणी संध्याकाळी गाईंच्या घंट्या आधी ऐकू येत, गुराखी मागून येई. गाईला वाट कळते, हा माझा विश्वास तेव्हापासूनचा.

आष्टीकडच्या आमच्या टेकडीवर फिरायला येणाऱ्यांसाठी सुनेनं घरी जेवण सुरू केलं. नागपूरचे बारा जण पहिलंच गिऱ्हाईक. तिनं मला फोन दिला.

"मामाजी, टेकडीवरून घरापर्यंत हा घेऊन चाला. तुमी चालसान ते वाट ॲपच्या नकाशात उमटते. पाहुणे त्याच वाटेनं येतीन."

गुडघे साथ देईनात. मी फोन टेकडीवर चरायला निघालेल्या आमच्या गाईच्या गळ्यात बांधला.

पाहुणे दुपार टळल्यावर पोचले, काट्यांनी ओरबाडलेले, गुडघाभर चिखलात माखलेले.

"मामाजी, तुमीच चाललते ना?"

"नाई बाई. गाय चालली."

तिनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि थंड झालेलं वरण उचलून तापवायला आत गेली.