पित्ताच्या गोळ्या

सासू : महिना संपत आला, आणि बाटली अजून पाऊण भरलेली कशी?

सून : पित्ताच्या गोळ्यांची होय? त्या मीच बंद केल्या, आई. तीन आठवडे झाले.

सासू : कुणाला विचारून?

सून : विचारायचं काय त्यात? लग्नाला दोन वर्षं झाली, ह्यांना एकदाही पित्त झालेलं मी पाहिलं नाही. साधी करपट ढेकर नाही. उगाच पोटात औषधं कशाला? नका घेऊ म्हटलं, तर लहान मुलासारखे खूश झाले.

सासू : झोपतो का तो?

सून : पहिला आठवडा बरा गेला. आता डोळ्याला डोळा लागत नाही त्यांच्या. ‘टाकीवरचे लोक माझी पावलं मोजतात’, असं म्हणत असतात. मला वाटलं, कामाचा ताण. गावभर पाणी सोडायचं, त्यात दिवसातून दोनदा त्या उंच टाकीवर चढायचं.

सासू : पावलं मोजतात असं म्हणाला, आणि तू मला सांगितलं नाहीस?

सून : तुम्ही तरी मला काय सांगितलंत? बाटलीवरचं लेबल कुठे गेलं?

सासू : मीच खरवडून काढलं, लग्नाआधी. दर महिन्याला गोळ्या आणून मीच भरते ती. तुझ्या माहेरी कळलं असतं, तर आली असतीस का या घरात?

सून : काय कळलं असतं?

सासू : हळू बोल. समोरची खिडकीतच उभी असते. पित्ताच्या नाहीत त्या, डोक्याच्या आहेत. सात वर्षं घेत होता. घेत होता तोवर माझं पोर चारचौघांसारखं होतं गं.

सून : म्हणजे ह्यांना माहीत होतं. आणि मी नका घेऊ म्हटल्यावर गप्प बसले?

सासू : मी शपथ घातली होती. बायकोला कळता कामा नये म्हणून.

सून : मला सांगायचं होतंत, आई. मी काही पळून गेले नसते. बरं, संध्याकाळी आले की डॉक्टरांकडे नेऊ. मी स्वतः नेते. सकाळी तर अगदी शांत होते. आपलं कपाट आवरलं, घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्या कप्प्यात ठेवलं आणि गेले.

सासू : घड्याळ? रुमालात गुंडाळून?

सून : वर चढताना काचेला चरे पडतात, म्हणाले. का?

सासू : तुझ्या सासऱ्यांनीही असंच ठेवलं होतं.

सून : मामंजींनी? ते तर नदीवर पाय घसरून गेले ना?

सासू : पाय घसरला असं आपण लोकांना सांगतो.

(फोन वाजतो. सून उचलते.)

सून : हो साहेब, मी त्यांची बायकोच बोलतेय... कठड्याच्या बाहेर? कधीपासून? ...हाका मारल्या तरी खाली येत नाहीत? ...थांबा, सासूबाईंना विचारते. आई, टाकीवरून फोन आहे. अँब्युलन्सचे डॉक्टर खाली उभे आहेत. आजार कोणता, गोळी कोणती, ते विचारतायत. मला तर नावच माहीत नाही.

सासू : सांगते.

सून : आई, बोला ना.

सासू : सांगते गं. आधी ती खिडकी लाव.