गुरुवारचं तळण

बुरुलअपा : जिन्यातच वास आला मला. म्हटलं, मी तर बहिणीकडून आत्ता येतेय, मग माझ्या घरात गुरुवारचं तळण कोणी घातलं?

परवोना : मीच, अपा. वाटलं, तुम्ही बर्फात अडकलात. गुरुवार चुकला तर काका उपाशी राहिले असते ना?

बुरुलअपा : तुला गं काय ठाऊक आमची रीत?

परवोना : आमच्या पामीरातही आहे की. तेलाचा वास वर गेला की गेलेल्यांचं पोट भरतं. कणकेचे सात तुकडे, बोरसोक, तळले, दुवा मागितली आणि चार शेजाऱ्यांना वाटले.

बुरुलअपा : गुणाची बाई! पीठ जरा जाड लाटलंस, पण चालेल. माझा म्हातारा आता कुरकुर करणार नाही. जिवंतपणी केली तेवढी पुरे झाली. दुवेत त्याचं नाव नीट घेतलंस ना?

परवोना : हो. सातारकाकांचं घेतलं. आणि... बेगिमायताईचं.

बुरुलअपा : कोणाचं?

परवोना : ताईचं.

बुरुलअपा : काय केलंस हे? माझी मुलगी मेलेली नाही!

परवोना : अपा, ऐका तरी...

बुरुलअपा : रशियात, तोम्स्कला शिकायला गेलीय ती. तीन हिवाळे फोन नाही म्हणजे मेली का? पोलीस म्हणाले, सापडत नाही. मेली असं कोण म्हणालं? जित्या पोरीला मेलेल्यांच्या पंगतीत बसवलंस तू. माझ्या घरात, माझ्या कढईत!

परवोना : चुकलं माझं.

बुरुलअपा : चुकलं म्हणे! वसतिगृहातून काढलं तेव्हा बिश्केकच्या थंडीत बोचकं घेऊन कॉलेजच्या पायरीवर बसली होतीस. शिष्यवृत्तीत फी भागते, पोट भागत नाही, म्हणून रडत होतीस. मी भाडं मागितलं? एक सोम तरी घेतला?

परवोना : नाही, अपा.

बुरुलअपा : एवढंच म्हटलं, तिच्या खोलीत राहा. रात्री दिवा लाव. भिंतीपलीकडे माणूस आहे असं मला वाटू दे. तेवढ्यावर तुझं राहणं, तुझं खाणं. छान पांग फेडलेस! उचल ते बोचकं.

परवोना : मी कुठे जाऊ? परीक्षा तोंडावर आलीय. बाबांचं मॉस्कोतलं काम सुटलं, घरून आता काही येत नाही.

बुरुलअपा : मला नको सांगूस. तुला काय वाटतं, मला सुख होतंय तुला घालवताना? तू आल्यापासून कुठे माझा डोळा लागायला लागला होता. रात्री तू कूस बदललीस की पलंग करकरायचा. मी इकडे म्हणायचे, आहे, पोर आहे खोलीत. आता कोण वाजवणार तो पलंग?

परवोना : अपा, मी पलंगावर झोपत नाही.

बुरुलअपा : म्हणजे?

परवोना : पहिल्या रात्रीपासून खाली गादी टाकते. उशीवर अजून ताईचे केस आहेत. मला धीरच झाला नाही.

बुरुलअपा : मग पलंग कसा वाजतो?

परवोना : दिवा मालवला की वाजतो. मी खाली पडून ऐकते. आधी फार भीती वाटायची. मग वाटलं, ती घरी आलीय आणि तिला कोणीच वाढत नाही. म्हणून नाव घेतलं.

बुरुलअपा : खोटं बोलतेस. खोली सुटू नये म्हणून.

परवोना : खोली टिकवायची असती तर पलंगावर झोपते असंच म्हटलं असतं ना, अपा?

(बुरुलअपा आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन परत येते.)

परवोना : पाणी देऊ?

बुरुलअपा : नको. बस इथे. दर रविवारी फोन यायचा तिचा. मी पहिलं विचारायचे, जेवलीस का? म्हणायची, जेवले गं आई, पोटभर. मला खरं वाटायचं. मागाहून तिची मैत्रीण म्हणाली, शेवटी शेवटी नुसत्या चहात पाव बुडवून खायची.

परवोना : अपा...

बुरुलअपा : पुढल्या गुरुवारी तू नको तळूस. मी तळीन. तिचं नाव मीच घेईन. ते आईनं घ्यायचं असतं.

परवोना : पुढल्या गुरुवारी... म्हणजे मी इथे असेन?

बुरुलअपा : नाही तर काय, त्या खोलीत तिला एकटीला ठेवू? बोचकं ठेव जागेवर. तू जेवलीस का?

परवोना : हो, जेवले.

बुरुलअपा : सातातले चार वाटलेस आणि तीन इथे ताटात तसेच आहेत. काय जेवलीस गं? वास?

(परवोना ताट झाकायला जाते.)

बुरुलअपा : घरी आईलाही हेच सांगतेस ना?

परवोना : तिकडे डोंगरात बसून ती करणार काय? उगाच तिचा जीव टांगणीला लागेल.

बुरुलअपा : लागू दे. लाव फोन. माझ्यासमोर लाव.

(परवोना फोन लावते. आतल्या खोलीत दिवा नाही, तरी पलंग वाजत नाही.)

परवोना : आई? हो, मीच. बरी आहे गं. नाही... नाही आई, आज अजून जेवले नाही.